मावशीची फिटची गोळी आणि एआरटीची (एचआयव्हीवरची) गोळी : दोघींचं जमत नाही का?

रानजाई | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले कारण घरात कुणाला विचारायची सोय नाही. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील गाळलेत.

माझी मावशी ५४ वर्षांची. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असते. काका २००७ मध्ये गेले. ते कशाने गेले हे कळलं तेव्हाच तिचंही रक्त तपासलं. २००९ मध्ये सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) १४० पर्यंत उतरला आणि सिव्हिलच्या एआरटी केंद्रातून तिला गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला दोन वेळा घ्यायच्या, आता चारेक वर्षं रात्रीची एकच, टीएलडी नावाची. तिने कधी डोस चुकवल्याचं मला आठवत नाही. गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवते आणि डबी खुळखुळू नये म्हणून वर कापूस दाबते. एचआयव्हीच्या पेशंटना मिळतं ते एसटीच्या सवलतीचं कार्ड आहे, पण कंडक्टर गावातलाच, म्हणून ते न दाखवता तिकीट काढते. एवढ्यावरून तुम्हाला घरचं वातावरण कळेल. मुलाला (माझ्या मावसभावाला) माहीत आहे, सुनेला नाही.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी ती शेंगदाणे भाजत होती आणि तिथेच पडली. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय ताठ, मग झटके. दोन-तीन मिनिटांत थांबलं, पण नंतर अर्धा तास ती कुणाला ओळखत नव्हती. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, आणि एकाने दातखीळ सोडवायला उलथनं घातलं. पुढचा एक दात हलतोय तेव्हापासून.

भावाने जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला मोहरीएवढा चुन्याचा ठिपका दिसला, बाकी काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का? सून शेजारीच उभी होती. भाऊ म्हणाला, "बीपीची एक आहे." फेनिटॉइन ही फिटची गोळी सुरू झाली. त्यानंतर फिट आलेली नाही.

गेल्या आठवड्यात केंद्रात व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती याचा) रिपोर्ट आला. सहा-सात वर्षं 'नॉट डिटेक्टेड' येत होतं, या वेळी ४,२००. तिथल्या मॅडमनी विचारलं, "मावशी, गोळ्या चुकवताय का?" बिचारी बसमध्ये रडत घरी आली.

आता माझे प्रश्न. फिटच्या गोळीमुळे हे होऊ शकतं का? फिट एचआयव्हीमुळेच आली का? आणि सुनेला सांगावं का?

जुना_खोंड | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पहिली गोष्ट, उलथनं घालणाऱ्याला कुणीतरी समज द्या. आमच्या गल्लीत चमचा घालून दोन दात पाडले होते, आणि वर "जीभ वाचवली" म्हणून मिरवत होता.

बाकी डॉक्टर मंडळी येतील, थांबा. धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

तापमापी | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ओपीडीला निघायच्या आत लिहितो. मी फिजिशियन आहे. जिल्हा रुग्णालयात बरीच वर्षं काढली आहेत. तुमच्या मावशींना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

तुमचा संशय रास्त आहे. टीएलडीमध्ये टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात आणि त्यातलं डोल्युटेग्राविर हे मुख्य हत्यार. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही फिटची जुनी औषधं यकृतातल्या विकरांना (एन्झाइम्सना) कामाला लावतात. मग यकृत डोल्युटेग्राविर इतक्या वेगाने निकालात काढतं की रक्तात पुरेसं उरत नाही. माणूस रोज इमानाने गोळी गिळतो, पण पोटात गेलेली गोळी विषाणूपर्यंत पुरेशा ताकदीने पोचतच नाही. क्षयाच्या रिफाम्पिसिनचंही असंच असतं. म्हणून क्षयरुग्णाला टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी देतात, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात, कारण यकृताची ही घाई लगेच उतरत नाही.

फिटच्या बाबतीत सोपा मार्ग म्हणजे फिटचं औषधच बदलणं. लेव्हेटिरासिटामची एआरटीशी खडाखडी होत नाही. व्हॅल्प्रोएट हाही पर्याय आहे, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते आम्ही टाळतो, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. जुन्या नेव्हिरापिन-एफाव्हिरेन्झच्या काळातही हा त्रास होता. दुसऱ्या फळीतल्या अ‍ॅटाझानाविर-रिटोनाविरवर असलेल्यांना तर जास्तच.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. फेनिटॉइन आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट्स येऊन माणूस अतिदक्षता विभागात जातो. आणि ४,२०० या आकड्याने घाबरू नका. १,००० च्या वर आला की केंद्रात समुपदेशन होतं, कारण शोधतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. लगेच गोळ्या निकामी झाल्या असा अर्थ होत नाही. पण दुर्लक्षही नको. अर्धवट मात्रेत विषाणू वाढत राहिला तर तो औषधाला सरावतो.

फिट कशामुळे, हे संध्याकाळी लिहितो.

रानजाई | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

तापमापी, हात जोडून आभार. म्हणजे ती खरं बोलत होती. वाचून मला ऑफिसच्या बसमध्ये भरून आलं.

पिंपळपान | ५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

गोळ्यांनी गोळ्यांचा त्रास, हेच तर चाललंय. आमच्याकडे एका वैद्यांचा काढा आहे, फिटवर रामबाण. सोबत ब्राह्मी. ॲलोपथी बंद करून सहा महिने घ्यायचा. हवा असल्यास पत्ता व्यनि करतो.

जुना_खोंड | ५ नोव्हेंबर, दुपारी १:३२

पिंपळपान, गोळी आपल्या मनाने बंद करू नका असं तापमापींनी वर लिहिलंय ते वाचलंत का?

एक_सहप्रवासी | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

काढ्याचं मीही करून पाहिलंय, म्हणून बोलतो. काढ्यात नेमकं काय आहे ते वैद्यबुवा सांगेनात आणि माझे डॉक्टर म्हणाले, जे काय आहे ते माहीत नसेल तर ते तुमच्या गोळ्यांशी काय करेल हेही मला माहीत नाही. तिथे विषय संपला.

रानजाई, मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मला एचआयव्ही आहे हे मला फिटने सांगितलं. साल २०११, मी कल्याणला राहायचो. त्याआधी तीन आठवडे डोकं दुखत होतं, अंगात कसकस होती. शर्टाची बटणं लावताना डावा हात ऐकत नव्हता. बायको म्हणाली, तुमची डावी चप्पल पायातून निसटते आणि तुम्हाला कळत नाही. मी म्हटलं, चप्पल जुनी झाली. एके सकाळी प्लॅटफॉर्मवर पडलो. स्कॅनमध्ये मेंदूत तीन गाठी, प्रत्येकीभोवती अंगठीसारखं कडं. सीडी४ निघाला ३८.

टॉक्सोप्लाझ्मा. हा जंतू लहानपणापासून कित्येकांच्या अंगात झोपलेला असतो म्हणे. राखण करणारी पलटण संपली की उठतो. मला सेप्ट्रान या अँटिबायोटिकच्या मोठ्या डोसवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांत फरक दिसला तर टॉक्सो, नाही दिसला तर दुसरं काही शोधावं लागेल, कदाचित डोकं उघडून तुकडा काढावा लागेल. ते दोन आठवडे मी मोजले तसे आयुष्यात काही मोजलं नाही. तेराव्या दिवशी बटण लागलं, वरून दुसरं.

सहा आठवडे पूर्ण डोस, मधेच एआरटी सुरू, फिटची गोळी दोन वर्षं. आज सीडी४ ६०० च्या आसपास, व्हायरल लोड सापडत नाही, नोकरी चालू आहे. डावा पाय थंडीत थोडा जड होतो एवढंच.

मावशींना म्हणावं, १४० वरून इथवर आलात, ४,२०० काय चीज आहे.

गारवा | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

सहप्रवासी, _/\_

बाळबोध प्रश्न: टॉक्सो मांजरामुळे होतो ना? घरात मांजर असेल तर?

तापमापी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:२५

गारवा, मांजराला हाकलू नका. जंतू तिच्या विष्ठेतून बाहेर पडतो खरा, पण बाधा करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. मातीचा ट्रे रोज साफ केला, तोही घरातल्या दुसऱ्या कुणी, तर धोका बराच कमी होतो. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो. ज्यांचा सीडी४ कमी आहे त्यांना केंद्रातून सेप्ट्रान रोज देतात ते न्युमोनियासाठी आणि यासाठीही. रुग्ण कंटाळून नेमकी तीच गोळी सोडतात.

आता रानजाईंचा दुसरा प्रश्न. सहप्रवासींची फिट आणि मावशींची फिट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सीडी४ १०० च्या खाली असताना पहिल्यांदा फिट आली की आम्ही टॉक्सो, क्षयाच्या गाठी, क्षयाचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर, जेसी विषाणूमुळे होणारा पीएमएल हा मेंदूचा आजार, मेंदूतला लिम्फोमा (एक कॅन्सर) हे सगळं डोळ्यांसमोर ठेवतो. क्वचित यातलं काहीच सापडत नाही आणि खुद्द एचआयव्हीच कारण ठरतो. पण सोळा वर्षं औषधं घेणाऱ्या, विषाणू दबलेल्या बाईला फिट आली आणि स्कॅनमध्ये एकच चुन्याचा ठिपका दिसला, तर मी आधी एचआयव्हीचं नाव घेणार नाही. असा ठिपका आपल्याकडे बहुतेक वेळा फितकृमीच्या अळीचा जुना व्रण असतो किंवा भरून आलेली क्षयाची गाठ. "आम्ही तर शाकाहारी" असं प्रत्येक जण म्हणतो. अहो, फितकृमीची अंडी डुकराच्या मांसातून येत नाहीत. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावरच्या कोथिंबिरीतून येतात.

फिट आली तेव्हाचा सीडी४ किती होता? आणि कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय झालाय का?

रानजाई | ५ नोव्हेंबर, रात्री ९:५१

सीडी४ मार्चमध्ये ५८०. एमआरआय नाही झाला. "सीटीत दिसलं ना, मग कशाला" असं भाऊ म्हणाला.

आणखी एक. तिच्या तळपायांची वर्षानुवर्षं आग होते. रात्री काशाच्या वाटीने तूप चोळत बसते. हेही मेंदूचं का?

तापमापी | ५ नोव्हेंबर, रात्री १०:१२

पायांची आग मेंदूची नाही, पायांतल्या बारीक नसांची. भारतात १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा स्टॅव्हुडिन हे त्यातलं हुकमी औषध होतं. स्वस्त होतं, जीव वाचवायचं, पण नसा जाळायचं आणि गालही बसवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते हळूहळू बंद करायला सांगितलं. मावशी २००९ च्या, म्हणजे त्यांनी ते घेतलं असण्याची शक्यता आहे. नसा एकदा दुखावल्या की औषध बदलल्यावरही आग राहू शकते. एचआयव्ही स्वतःही नसांना त्रास देतो. तरी बी१२ आणि साखर तपासा, दोन्हींनी पाय जळतात आणि दोन्हींवर इलाज आहे. काशाची वाटी चालू ठेवा, फक्त तळपाय रोज बघायचे. बधिर पायात काचेचा तुकडा रुतला तरी कळत नाही.

५८० ऐकून बरं वाटलं. एमआरआयचं मात्र न्यूरॉलॉजिस्टशी बोलाच.

हिरवं_पुस्तक | ६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

मी एआरटी केंद्रात समुपदेशक होते, अकरा वर्षं. दुसऱ्या जिल्ह्यात. आयडीवरून केंद्रात जाणाऱ्यांनी ओळखलंच असेल.

"गोळ्या चुकवताय का?" हा प्रश्न मी हजारो वेळा विचारलाय. तो विचारावाच लागतो, कारण लोड वाढण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न यायला हवा, "गेल्या वर्षभरात दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात का, त्यांनी काय दिलं?" रांगेत शंभर माणसं उभी असली की तो दुसरा प्रश्न राहून जातो. माझ्याकडूनही राहिलाय. एका मुलाला मी तीन महिने बोलणी ऐकवली आणि शेवटी निघालं की त्याची आई त्याला फिटची कार्बामाझेपिन नेमाने देत होती. ते पोर गुमान ऐकून घ्यायचं.

आपल्याकडे गोची अशी की एआरटीच्या डॉक्टरांना फिटची गोळी माहीत नाही आणि फिटच्या डॉक्टरांना एआरटी माहीत नाही. मधे उभा राहतो पेशंट, आणि त्याची मान दोन्हीकडे खाली. म्हणून मी सगळ्यांना सांगायचे, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात की आजाराचं नाव तोंडातून निघत नसेल तर नका काढू, गोळ्यांचं नाव असलेला कागद पुढे करा. जाणकार डॉक्टर एका नजरेत समजतो. आणि फिटच्या गोळीची चिठ्ठी हिरव्या पुस्तकात (केंद्राने दिलेल्या नोंदवहीत) ठेवून केंद्रात न्या, नोंद करून घ्या.

हिंगाच्या डबीबद्दल रागावणार नाही, त्याची कारणं मला ठाऊक आहेत. पण मूळ बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते ती फेकू नका. पावसाळ्यात गोळ्या दमट होतात. बाटलीवरचं लेबल काढलं तरी चालेल, बाटली तीच ठेवा.

कायदेकानू | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:१८

पुस्तक ताईंच्या मुद्द्याला जोडून. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव, आणि तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती इतरांना सांगता येत नाही. उपचारासाठी गरजेचं असेल तर एक डॉक्टर दुसऱ्या उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगू शकतो, ही सवलत आहे, पण तीत नातेवाईक येत नाहीत. म्हणजे न्यूरॉलॉजिस्टला सांगितलेलं सुनेपर्यंत जाता कामा नये.

मला वाटतं चूक भावाची एकट्याची नाही. डॉक्टरांनी सुनेला बाहेर बसवून विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं.

गारवा | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

मी सुनेच्या बाजूने बोलते. एका घरात राहायचं, सासूला फिट आली तर धावायचं तिने, जीभ चावून रक्त आलं तर पुसायचं तिने, आणि तिलाच अंधारात ठेवायचं? मला तर हा अन्याय वाटतो.

एक_सहप्रवासी | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

गारवा, तुमचं पटतं, पण माझ्या सख्ख्या वहिनीला कळल्यावर माझं ताट-वाटी वेगळी झाली. १४ वर्षं झाली, अजून वेगळीच आहे. ती वाईट बाई नाही, माझ्या मुलीला तिनेच वाढवलंय. पण ताट वेगळं.

कुणाला सांगायचं हे मावशींनी ठरवावं. तुम्ही-आम्ही नाही, रानजाईनेही नाही.

तापमापी | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

यात दोन गोष्टींची गल्लत होतेय. फिट आल्यावर काय करायचं हे सुनेला कळणं गरजेचं आहे, एचआयव्ही कळणं नाही. ती जे करेल ते कुठल्याही फिटच्या पेशंटला करायचं तेच.

आधी घड्याळ बघा. गॅस बंद करा, आजूबाजूचं टोकदार काढा, डोक्याखाली घडी केलेलं काही ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा. झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर गळू द्या. तोंडात काही घालायचं नाही, अगदी पाणीही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा-चप्पल-किल्ली यांचा उपयोग शून्य. फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर गाडी काढा. घरात ठेवायला मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वापर समजून घ्या.

रक्ताचं म्हणाल तर लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. धडधाकट कातडीवर रक्त लागलं तर साबण-पाण्याने धुतलं की झालं. हातमोजे कुणाचंही रक्त पुसताना घालावेत, सुनेला तेवढंच सांगा. हाताला उघडी जखम असेल आणि तिच्यात रक्त गेलं असं वाटलं तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा, प्रतिबंधक औषध मिळतं.

मावशींना सांगा, न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, विहिरीवर एकटीने जायचं नाही, चूल पेटवून तिच्यासमोर उकिडवं बसायचं नाही. रात्रीची झोप मोडायची नाही.

कोरडा_ओढा | ७ नोव्हेंबर, रात्री १:१५

झोप येत नव्हती म्हणून धागा वाचत बसलो. लिहू की नको करत होतो.

माझा धाकटा भाऊ. मुंबईत होता, डिलिव्हरीचं काम करायचा. एआरटी मधेच सोडली होती, आम्हाला माहीत नव्हतं. महिनाभर डोकं दुखतंय म्हणायचा. गल्लीतल्या दवाखान्यातून गोळ्या घ्यायचा, मान धरते म्हणायचा, उलटी व्हायची. ॲसिडिटी असेल म्हणून मीच त्याला फोनवर थंड दूध प्यायला सांगितलं. मग एकाचे दोन दिसायला लागले. मग फिट.

क्रिप्टोकॉकस, बुरशीचा मेंदूज्वर. डॉक्टर म्हणाले, पाठीतून पाणी काढावं लागेल. माझी आई म्हणाली नको, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो. मीही नको म्हणालो. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. तिने मला समजावलं की मेंदूभोवती पाण्याचा दाब इतका वाढलाय की त्याचे डोळे जातील, आणि पाणी काढणं ही नुसती तपासणी नाही, तोच उपचार आहे. काढलं तर त्याची डोकेदुखी तासाभरात उतरली. मला म्हणाला, दादा, चहा आण.

पण उशीर झाला होता. आठव्या दिवशी गेला.

कुणाला पाठीतलं पाणी काढायला सांगितलं तर नाही म्हणू नका. एवढंच.

एक_सहप्रवासी | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

दादा.

तापमापी | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

कोरडा ओढा, पाण्याला नाही म्हणणारे नातेवाईक आम्हाला जवळजवळ रोज भेटतात आणि ते त्याच्या जिवाच्या काळजीनेच नाही म्हणतात. सुई टोचतात ती कण्याच्या खालच्या भागात, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली. म्हणून लुळेपणाची भीती अनाठायी. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी बसून सांगायला हवं होतं.

इतरांसाठी: सीडी४ २०० च्या खाली असेल तर या बुरशीची रक्तावरची साधी तपासणी आहे, क्रॅग म्हणतात. लक्षणं दिसायच्या आधी ती कळू शकते आणि फ्लुकोनॅझोलने आजार मेंदूपर्यंत जाण्याआधी अडवता येतो. केंद्रात विचारा. आणि हा मेंदूज्वर असताना एआरटी लगेच सुरू करत नाहीत, चार ते सहा आठवडे थांबतात. प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर मेंदूत सूज येऊन पेशंट दगावू शकतो. "गोळ्या का देत नाही" म्हणून नातेवाईक भांडतात, म्हणून सांगून ठेवतो.

जुना_खोंड | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते असं वाचलंय. दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा गदारोळ झाला त्यात हिचं नाव फारसं ऐकलं नाही.

तापमापी | ७ नोव्हेंबर, दुपारी १:५०

असते. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाते. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. सीडी४ कमी असणाऱ्याने खिडकीतली कबुतरांची घाण स्वतः झाडू नये. यापुढे कबुतरांवर वेगळा धागा काढा, हा वाहून जाईल.

पिंपळपान | ७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

काढ्याबद्दलचा माझा प्रतिसाद मागे घेतो. ओढा यांचं वाचून गप्प झालो.

रानजाई | १९ डिसेंबर, रात्री ९:०५

उशिरा लिहितेय, माफ करा. इकडे बरंच काही झालं.

मी दोन दिवस रजा काढून गेले. आधी केंद्रात. फेनिटॉइनची चिठ्ठी हिरव्या पुस्तकात ठेवून दिली. त्याच मॅडमनी ती वाचली आणि लगेच आतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा मावशीला म्हणाल्या, "मावशी, मी उगाच बोलले तुम्हाला." मावशी म्हणाली, "असू दे बाई, तुमचं कामच आहे ते." बाहेर आल्यावर मला म्हणाली, बघ, माफी मागितली की नाही! त्या दिवशी तिने एसटीत सवलतीचं कार्ड दाखवलं. कंडक्टर दुसराच होता, पण दाखवलं.

मग सोलापुरात न्यूरॉलॉजिस्टकडे. गोळ्यांचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला, भावाला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं आणि मावशीशी एकटीशी बोलले. एमआरआय झाला. तोच एक ठिपका, भोवती सूज नाही, नवीन काही नाही. फितकृमीचा जुना व्रण म्हणाले. इतकी वर्षं ती ज्या आजाराला दबून होती त्याचा या फिटशी बहुधा काही संबंध नव्हता, हे तिला पटायलाच दोन दिवस लागले.

आता लेव्हेटिरासिटाम सकाळ-संध्याकाळ, आणि फेनिटॉइन आठवड्या-आठवड्याने उतरवतायत. ते पूर्ण बंद होऊन दोन आठवडे होईपर्यंत टीएलडीशिवाय डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी. ही जादा गोळी केंद्रातून मिळाली. क्रिएटिनिनही बघितलं, लेव्हेटिरासिटाम आणि टेनोफोव्हिर दोन्ही मूत्रपिंडाच्या भरवशावर म्हणून. व्हायरल लोड फेब्रुवारीत पुन्हा. बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत.

सुनेला सांगितलेलं नाही. मावशी नको म्हणाली. पण फिटचं सगळं मी सुनेला बसवून शिकवलं, जमिनीवर मीच आडवी झाले आणि तिने मला कुशीवर वळवलं. तापमापींचा प्रतिसाद (एचआयव्हीचा भाग वगळून) मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात फळीच्या आत चिकटवलाय. शेजारच्या काकू तो वाचून म्हणाल्या, कांद्याने काय होत नाही असं कसं?

एक तक्रार आहे. नवीन गोळीपासून मावशी फार चिडते. परवा आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून सुनेशी दोन दिवस बोलली नाही. पूर्वी अशी नव्हती.

तापमापी | १९ डिसेंबर, रात्री १०:३०

लेव्हेटिरासिटामने चिडचिड होते, काहींना उदासही वाटतं. बऱ्याचदा काही आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं, किंवा जिवाचं बरं-वाईट करण्याची भाषा आली, तर वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टना सांगा, दुसरे पर्याय आहेत. सुनेला "हा गोळीचा परिणाम आहे" एवढं सांगून टाका. त्यात काही लपवण्यासारखं नाही.

आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? कॅल्शियम, लोह वगैरे?

रानजाई | १९ डिसेंबर, रात्री १०:३६

हो, कॅल्शियम आहे! गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याने दिलंय. रात्री टीएलडीबरोबरच घेते.

तापमापी | १९ डिसेंबर, रात्री १०:४१

तेही हलवा. उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोह डोल्युटेग्राविरबरोबर गेलं तर ते पोटातच त्याला धरून ठेवतं. डोल्युटेग्राविर कॅल्शियमच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास. पित्तावरच्या पांढऱ्या पातळ औषधालाही तेच. टीएलडी रात्री आणि जादा गोळी सकाळी असेल तर कॅल्शियम दुपारी, जादा गोळीनंतर निदान दोन तासांनी आणि रात्रीच्या टीएलडीच्या निदान सहा तास आधी.

रानजाई | १९ डिसेंबर, रात्री १०:४४

जादा गोळी सकाळी सातला घेते. म्हणजे कॅल्शियम दुपारी एकच्या आत, जेवणाबरोबर. फळीच्या आतल्या कागदावर लिहायला उद्या भावाला फोन करते.